तुलनेसाठी एक मेंदू

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, मी शाळेतून दुपारी घरी आले तेव्हा ती अंगणात पाठमोरी बसून केस वाळवत होती. आमच्या मोन्तेफ्रियो गावात ऊन येतं ते अकराच्या सुमाराला आणि दोनला डोंगरावरून ढग उतरले की जातं. तेवढ्या वेळात केस वाळले तर वाळले. नाहीतर ओल्या केसांनी झोपायचं आणि पुढे दोन दिवस मान धरून बसायचं. आईचे केस कमरेखाली पोचले होते. वय चौऱ्याहत्तर, केस पांढरेशुभ्र, आणि धुवायचे म्हटलं की अर्धा दिवस मोडायचा.

मी म्हटलं, खांद्यापर्यंत कापून टाकू का, निदान वाळतील तरी.

"तुझे काप."

"माझे कापलेलेच आहेत."

"मग झालं तर. माझ्या केसांना हात लावायचा नाही. माझं काम आहे त्यांच्याशी."

"या वयात काय काम? कुणी बघायला येणार आहे का तुला?"

"येतील की. सगळं गाव येईल एक दिवस," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मग तिने मला टॉवेल आणायला पाठवलं.

शेजारच्या गॅलरीतून ओतिलिया आत्या हे सगळं ऐकत होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, भावंडांतली एकटीच शाबूत राहिलेली. आईला ती गेली सहा वर्षं म्हातारी घोडी म्हणत होती, शेपटी वाढवतेय म्हणून. आई तिला उलटून म्हणायची की घोडीला निदान शेपटी तरी आहे, तुझ्या डोक्यावर तेवढंही नाही. दोघींचं सकाळ-दुपार हेच चालायचं. आत्याच्या हातच्या आरेपा, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, आईला जाड वाटायच्या, आईचं गुळाचं पाणी आत्याला पांचट वाटायचं, आणि तरी दोघी एकमेकींच्या हातचं रोज घ्यायच्या.

आमच्या घराची गोष्ट आमच्या डोंगरात सगळ्यांना ठाऊक आहे. वडिलांच्या घराण्यात पंचेचाळिशीच्या आसपास माणसं विसरायला लागतात. आधी शब्द, मग वार, मग घरचा रस्ता, मग घरातली माणसं. गावात या आजाराला बावळेपणा म्हणतात. जुनी माणसं म्हणायची की कुणीतरी करणी केली. मी लहान असताना मेदेयीन शहराच्या विद्यापीठातले डॉक्टर गावात आले. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या काढून त्यांनी आमची सात पिढ्यांची वंशावळ मोठ्या कागदावर मांडली. मग कळलं की ही रक्तातून येणारी, जनुकातल्या एका अक्षराची चूक आहे, आणि ज्याच्यात ती आहे त्याच्या प्रत्येक मुलाला ती मिळते किंवा मिळत नाही, निम्मी निम्मी शक्यता. आजोबांच्या पाच मुलांपैकी चौघांना ती मिळाली. माझे वडील अर्तेमियो सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्याच दुकानाची किल्ली हातात घेऊन कुलूप कुठे आहे ते शोधत उभे राहिले. ते गेले तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. माझं रक्त विद्यापीठाच्या डॉक्टरांनी घेतलेलं आहे. निकाल त्यांच्याकडे आहे आणि ते तो सांगत नाहीत. तसा नियमच आहे, आणि कुणी हट्ट धरला तर आधी चार वेळा बोलावून समजावतात. मी हट्ट धरला नाही.

दर दोन वर्षांनी मला मेदेयीनला परीक्षेला बोलावतात. दहा शब्द सांगतात, मधे दुसरंच काहीतरी बोलतात, मग ते शब्द परत विचारतात. घड्याळ काढायला लावतात. त्या वेळी सोबत घरातलं एक माणूस लागतं. त्याला वेगळ्या खोलीत बसवून माझ्याबद्दल विचारतात. ही तेच तेच परत बोलते का, गॅस चालू ठेवून जाते का, पैसे मोजताना चुकते का. त्याला ते साक्षीदार म्हणतात. माझी साक्षीदार आई होती. त्या खोलीत ती काय सांगायची ते तिने मला कधी सांगितलं नाही. बाहेर आली की म्हणायची, "चल, काहीतरी गोड खाऊ."

घरी तिची स्वतःची एक परीक्षा होती. रोज सकाळी, मी स्वयंपाकघरात आले की गुळाचं पाणी पेल्यात ओतता ओतता ती विचारायची, "आज वार कोणता गं?" अगदी सहज, जणू तिलाच कळत नाहीये. मी चाळिशी ओलांडली त्या वर्षापासून तिने हे सुरू केलं होतं. मी म्हणायचे, भिंतीवर कॅलेंडर आहे, बघ की. कधी म्हणायचे, तुला कुठे ऑफिसला जायचंय. सहा वर्षांत मी एकदाही सरळ उत्तर दिलं नाही. माझं उत्तर ऐकून ती पेला माझ्यासमोर ठेवायची आणि स्वतःशीच मान हलवायची. चिडून का होईना, मी नीट वाक्य बोलले एवढ्यावर तिचं भागत असावं.

आईचा आमच्या रक्ताशी संबंध नव्हता. ती खालच्या नदीकाठच्या गावातून लग्न करून आली होती. तिच्या माहेरची माणसं नव्वदीपर्यंत जगायची आणि शेजाऱ्याने पस्तीस वर्षांपूर्वी कुंपण किती हात सरकवलं ते शेवटपर्यंत सांगायची. त्यामुळे घरात विसरण्याची मुभा फक्त तिला होती. चष्मा फ्रिजमध्ये ठेवला तर ती म्हणायची, "मी विसरले तर ते म्हातारपण. तुम्ही विसरलात तर डॉक्टर बोलवायचा." आणि त्या मुभेचा तिने भरपूर वापर केला.

वडिलांचं सगळं तिने बारा वर्षं केलं. नंतर त्यांची बहीण फिदेलिना आत्या आमच्याच घरी आली आणि आईने तिचंही केलं. अंघोळ घालायला सोपं पडावं म्हणून फिदेलिना आत्याचे केस अगदी बारीक कापलेले होते. ती गेली त्या वेळी नेहमीप्रमाणे मेदेयीनच्या विद्यापीठातल्या मेंदूपेढीला फोन केला. आमच्या घराण्यात कुणी गेलं की पाद्रीबाबांच्या आधी तो फोन जातो. सहा-सात तासांच्या आत न्यावं लागतं, नाहीतर आतलं सगळं बिघडायला लागतं. एका कानामागून डोक्यावरून दुसऱ्या कानामागे अशी चीर देतात, मेंदू काढून घेतात, शिवतात, आणि संध्याकाळपर्यंत माणूस परत घरी येतो. आमच्याकडे शवपेटी उघडी ठेवतात. वडिलांच्या वेळी आईने त्यांना त्यांची हॅट घालून निजवलं. पाद्रीबाबांना ते आवडलं नव्हतं. ती म्हणाली, ते दुकानातही हॅट घालूनच बसायचे. फिदेलिना आत्याला तिने रेशमी रुमाल बांधला. पण रात्रभर लोक येत होते, कपाळाचं चुंबन घेत होते, आणि पहाटे कधीतरी रुमाल मागे सरकला. एका बाईने शिवण बघितली आणि किंचाळली. पुढे महिनाभर गावात तेवढाच विषय होता. म्हणे विद्यापीठवाले डोकं उसवतात आणि पोत्यासारखं शिवून देतात.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी परीक्षेला गेले तेव्हा आईने तिथल्या नर्सला, मार्लेनीला, आतली खोली दाखव म्हणून सांगितलं. मार्लेनी गेली वीस वर्षं आमच्या घराण्याची दुखणी, लग्नं, बारशी सगळं जाणून आहे. आत एका बाजूला मोठे फ्रीझर होते, दुसऱ्या बाजूला फळ्यांवर झाकणाचे डबे. अर्धा मेंदू गोठवून ठेवतात, अर्धा औषधात. ताजा असतो तेव्हा तो मऊ असतो, पहिल्या दिवसाच्या चीजसारखा, बोट लावलं तरी रुततं. औषधात राहून महिन्याभरात घट्ट होतो, मगच नीट काप काढता येतात.

आईने विचारलं, "आमच्या अर्तेमियोचा आहे का इथे?"

 मार्लेनीने हातमोजे दिले आणि डबा उघडला. काढला तेव्हा पूर्ण मेंदूचं वजन आठशे सत्तर ग्रॅम भरलं होतं, ती म्हणाली. आईने तो अर्धा भाग दोन्ही हातांत धरला. घड्यांच्या मधल्या भेगा रुंद झाल्या होत्या. उकळत्या पाण्यात धुतलेली लोकरीची शाल कशी आटते, तसा तो दिसत होता. मी दाराशीच उभी राहिले.

मग मार्लेनीने दुसरा आणला, भरीव, घड्या एकमेकींना चिकटलेल्या. तिने तो उलटून आतली बाजू दाखवली. खाली मागे फणीसारख्या बारीक रेघांचा छोटा मेंदू, तोल सांभाळणारा. मधून खाली जाणारा देठ, त्यावर श्वास आणि हृदय चालतं. आणि आत, कानाच्या पातळीला, बोटाएवढी एक वळलेली पट्टी, समुद्रघोड्याच्या आकाराची. आजचं जे काही घडतं ते आधी इथे येतं, मार्लेनी म्हणाली, म्हणून आमच्या माणसांचं आधी आजचं जातं. जुनं हळूहळू वरच्या घड्यांमध्ये पसरत जातं. नेमकं कुठे, ते अजून कुणाला बोट ठेवून दाखवता येत नाही.

"आणि हा कुणाचा?" आईने विचारलं.

"एका बस ड्रायव्हरचा. त्याला काही झालेलं नव्हतं. तुलनेसाठी आहे. असे फार थोडे मिळतात, एदेल्मीराबाई. आजारी माणसाच्या घरचे समजून देतात. धडधाकट माणसाचा द्यायचं कुणाच्या मनातच येत नाही."

मी बसची तिकिटं काढायला बाहेर गेले. आई आत अजून दहा मिनिटं होती. परत येताना डोंगराच्या निम्म्यावर बस खाण्यासाठी थांबते, तिथे कॉफी पिता पिता ती म्हणाली, "माझा मी देणार." मी म्हटलं, हे काय भलतंच. तर म्हणाली, या घरातून त्यांनी चार बिघडलेले नेले, एक चांगला न्यायला नको का, त्यांना वाटेल आमच्यात सगळे तसलेच.

तिने फॉर्म आणला, स्वतःची सही केली. खाली एक ओळ मोकळी होती, मुलाने किंवा मुलीने सही करायची. तो कागद बिस्किटांच्या डब्यात सुयादोऱ्यांवर ठेवलेला असायचा. महिना-दोन महिन्यांनी ती तो बाहेर काढायची. मी कधी पुस्तक वाचत असायचे, कधी वह्या तपासत. बघू म्हणायचे. ती डब्यात परत ठेवायची. शाळेच्या ग्रंथालयात मी एकवीस वर्षं काम करते, मेंदूवर लिहिलेलं हाताला लागेल ते सगळं वाचलेलं आहे. दान किती मोलाचं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी सही करत नव्हते त्याचं कारण कोणत्याच पुस्तकात नव्हतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी कुकरमध्ये घेवडा लावला आणि खोलीत जाऊन वाचत बसले. किती शिट्ट्या झाल्या ते मला कळलंच नाही. करपल्याचा वास आला तेव्हा मी धावत गेले. आई आधीच पोचली होती. तिने गॅस बंद केला होता आणि कुकर नळाखाली धरला होता.

"मीच विसरले बघ," ती म्हणाली. "मी लावला आणि विसरले. म्हातारी झाले."

कुकर मी लावला होता. ते तिलाही माहीत होतं, मलाही.  आम्ही आरेपा आणि अंडी खाल्ली. जेवण झाल्यावर तिने डबा काढला, कागद माझ्यासमोर सरकवला आणि वर पेन ठेवलं.

"नोहेमी, एवढं करून टाक. मग मी परत नाही विचारणार."

"उद्या बघू, आई."

"बरं," ती म्हणाली. "उद्या."

बुधवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आले आणि कुणी वार विचारला नाही. शेगडी गार होती.  मग तिच्या खोलीत गेले. ती कुशीवर होती, एक हात गालाखाली, वेणी पांघरुणावर. गाल अजून कोमट होता.

आरोग्य केंद्रातले डॉक्टर आले. हृदय, म्हणाले, सहाच्या सुमाराला, झोपेतच. ओतिलिया आत्या चप्पल न घालता आली आणि पलंगाच्या कडेला बसून आईचे पाय चोळत राहिली, थंड झालेत म्हणून. बऱ्याच वेळाने उठून तिने डोळे पुसले आणि मला म्हणाली की पाद्रीबाबांना कळव. मी फोन उचलला आणि माझ्या बोटांनी सवयीने मार्लेनीचा नंबर लावला.

आम्ही स्वयंपाकघरात होतो. मी फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला आणि स्पीकर लावला.  आई गेली, मी सांगितलं.  मग मार्लेनीने किती वाजता म्हणून विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाली,

"तुम्ही सही केली आहे का?"

"नाही."

"मग मी काहीच विचारत नाही. मी दुपारच्या बसने येते मातीला."

आत्याने बरणीकडे वाकून तिला सांगितलं की न विचारलंस ते बरंच केलंस. ही बाई आमच्या रक्ताची नव्हे. आमचा रोग, आमच्या भावंडांची डोकी, ती तुम्ही न्या, आम्ही कधी नाही म्हटलं नाही. पण परक्या घरून आलेल्या पोरीने चाळीस वर्षं आमची घाण काढली, हातपाय झिजवले, आता तिचं डोकंही द्यायचं का? आणि फिदेलिनाचं काय झालं ते विसरलीस? गावाने तमाशा बघितला. एदेल्मीराकडे असं कुणी बघितलेलं मला चालणार नाही.

मार्लेनीने सगळं ऐकून घेतलं. हो आत्या, म्हणाली. फिदेलिनाबाईंचं माझ्याही मनातून गेलेलं नाही. मग म्हणाली, "नोहेमी, एक विचारू? त्यांचे केस अजून लांब आहेत ना?"

मी म्हटलं, हो, कमरेखाली. का?

"तुम्ही तिकिटं काढायला गेला होतात त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, शिवण पूर्ण झाकायला केस किती लांब लागतात. मी हसण्यावारी नेलं. त्या मला सोडेनात. मग मी माप सांगितलं, दोन वेण्या घालून डोक्यावरून आडव्या फिरवता आल्या पाहिजेत, निदान कमरेपर्यंत हवेत. त्या म्हणाल्या, खांद्यापर्यंत आहेत, पाच-सहा वर्षं लागतील, तेवढी मी थांबते. मग म्हणाल्या, पोरीला सांगू नकोस, तिला वाटेल मी घाई करतेय."

 आत्या उठली आणि आईच्या खोलीत गेली. दारातून मला दिसत होतं. तिने पांघरुणावरची वेणी उचलली आणि हातावर तोलून धरली, जसं बाजारात एखादी बाई लोकरीची लडी तोलून बघते.

"सहा वर्षं," आत्या तिकडूनच म्हणाली. "सहा वर्षं मी हिला घोडी म्हणत होते, आणि ही हसत होती."

मग ती बाहेर आली. तिचा चेहरा रागावल्यासारखा होता. म्हणाली, "बसलीस काय? किती वाजलेत? वेळ जातोय की नाही?"

साडेआठ वाजले होते. मार्लेनी म्हणाली, बारापर्यंत इथे पोचलात तर चालेल. मी बिस्किटांचा डबा काढला. पेन काल रात्री आईने ठेवलं होतं तिथेच, टेबलावर होतं. मी सही केली. माझं अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं मला नवल वाटलं. आत्याने आईचा कंगवा आणि बारा पिना एका रुमालात बांधून माझ्या हातात दिल्या, आणि स्वतः मागे राहिली, घर झाडायला आणि लोकांसाठी कॉफी करायला.

शववाहिनी गावातल्या एव्हेलियोची. घराण्यातल्या सगळ्यांना त्यानेच नेलंय. मेदेयीनपर्यंत अडीच तास तो खडबडीत वळणांवर अगदी हळू चालवत होता. तिथे मार्लेनी दारात उभी होती. तिने मला मिठी मारली नाही, आईच्या कपाळाला हात लावला आणि आत घेऊन गेली.

मी बाहेरच्या बाकावर बसले. भिंतीवर मेंदूचं जुनं रंगीत चित्र होतं, प्रत्येक भागाला वेगळा रंग. मला त्यातल्या प्रत्येक भागाचं नाव येत होतं, मी ती मनात म्हणत गेले. एकही चुकलं नाही. मग मला आठवलं की पाचव्या वर्षी मी विहिरीजवळ पडले तेव्हा माझ्या फ्रॉकचा रंग कोणता होता ते मला माहीत नाही. आईला माहीत होता. मला गोवर आला त्या आठवड्यात मी झोपेत काय बडबडले, पहिल्यांदा वाचायला आलं तो शब्द कोणता, बाबा चांगले होते तेव्हा मला काय म्हणून हाक मारायचे. हे सगळं माझ्या डोक्यातून जाणार असेल तर जाऊ दे, तिच्या डोक्यात आहे, असं मी सहा वर्षं धरून चालले होते. त्या घड्यांवर कुणी सुरी ठेवेल हे मला सोसत नव्हतं. सही न करण्याचं कारण एवढंच होतं.

दीडच्या सुमाराला मार्लेनी बाहेर आली. हात धुतल्यामुळे लाल झाले होते.

"अकराशे नव्वद ग्रॅम," ती म्हणाली. "सुंदर आहे, नोहेमी. समुद्रघोडा असा भरलेला, त्यांच्या वयाला. मी इतक्या वर्षांत..."  मग म्हणाली, "शिवण मी स्वतः घातली. या."

आतली खोली लहान होती आणि खिडकीतून ऊन येत होतं. आईला पांढऱ्या चादरीत मानेखाली उशी घेऊन निजवलं होतं. केस धुऊन सुकवून दोन्ही बाजूंना मोकळे सोडले होते. शिवण कानामागून कानामागे गेली होती, टाके अगदी बारीक आणि एकसारखे. आईने बघितले असते तर तिला आवडले असते. मार्लेनीने माझ्यासाठी स्टूल सरकवलं आणि दार लावून घेतलं.

मी रुमाल सोडला. केस मधोमध भांग पाडून दोन भागांत केले. लहानपणी ती माझे विंचरायची तेव्हा डोकं मांड्यांत घट्ट धरायची आणि मी रडले की म्हणायची, संपलं, संपलं, शेवटचा पेड. मी उजवीकडची वेणी घातली, फार ताणली नाही. मग डावीकडची. उजवी वेणी शिवणीवरून आडवी नेली, डावी तिच्या उलट बाजूने. दोन्ही पुरल्या. वर वीतभर उरल्या. मग एकेक पिन लावत गेले.

शिवण कुठून दिसते का ते मी चारी बाजूंनी बघितलं. दिसत नव्हती.

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तो आवाज जाईपर्यंत मी थांबले. मग स्टूल जवळ घेतलं आणि तिच्या कानाशी वाकले.

"आई, काल कुकर मी लावला होता," मी म्हटलं. "मी विसरले, तू नाही. आणि तू रोज सकाळी वार का विचारायचीस ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मला भीती वाटायची, म्हणून मी सांगत नव्हते."

शेवटची पिन माझ्या मुठीत होती. मी ती कानामागे, वेणीच्या टोकाला खोवली.

"आज बुधवार आहे, आई."